बाईंच्या दारावरची पाटी

घरपट्टी वाढली म्हणून खूश झालेलं एकच माणूस मी पाहिलं आहे, आणि ते म्हणजे आमच्या बाई. तेलुगू मुलखात, काचीगुड्यातल्या आमच्या गल्लीत पालिकेची बिलं आली की घरोघरी सुतक पडल्यासारखं होतं. त्या वर्षी बाईंचं बिल सगळ्यांपेक्षा जास्त फुगून आलं होतं. बाईंनी चष्मा पुसला, बिल दोनदा वाचलं आणि माझ्यापुढं धरलं. "बघ सुधीर, सरकारनं लिहून दिलं. इथं शिक्षणसंस्था आहे म्हणून."

बाईंनी मला आणि माझ्या वयाच्या पुष्कळांना सरकारी मराठी शाळेत शिकवलं. पुढं मुलंच येईनात म्हणून ती शाळा बंद पडली. बाईंनी ते फारसं मनावर घेतलं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या दारावर पाटी लावली: 'मराठी वर्ग. दर रविवारी. मोफत.' दर दसऱ्याला ती पाटी त्या स्वतः ऑइलपेंटनं नव्यानं रंगवत. सुरुवातीला गल्लीतली मुलं यायची. मग ती दिलसुखनगरच्या कोचिंगला जाऊ लागली आणि बाईंची सतरंजी रिकामी राहू लागली. तरी रविवारी सकाळी ती अंथरलेली असायची आणि फळा पुसलेला असायचा. कुणी खोचकपणे विचारलंच, तर बाई म्हणायच्या, "आज आले नाहीत, एवढंच." असे कितीतरी रविवार गेले.

ही पाटी टॅक्स इन्स्पेक्टरच्या नजरेस पडली. त्यानं मोबाइलवर फोटो काढला आणि बाईंचं राहतं घर व्यापारी दरात जाऊन बसलं. बाईंचा आनंद ओसरायला पुण्याहून त्यांच्या मुलीचा, विद्याचा फोन यावा लागला. "आई, पेन्शनीत हे परवडायचं नाही. घर विकून टाक आणि इकडे ये." पुण्यात मराठी शिकवायला बाईंची गरज कुणाला असणार, हे त्यांना ठाऊक होतं.

मी बँकेत आयुष्य काढलेलं, त्यामुळे अर्ज लिहिण्याची मला खुमखुमी. मी म्हणालो, "बाई, पाटी काढा. मी अपील करतो."

"पाटी नक्को काढू. बाकी काय लिहायचं ते लिही."

मी इंग्रजीत झकास अपील लिहिलं. हे घर केवळ राहण्यासाठी आहे, इथं कोणताही वर्ग चालत नाही, वगैरे. बाईंनी न वाचता सही ठोकली. इंग्रजी कागदांना त्या तशीच सही करत. "मला येतं इंग्रजी," त्या म्हणायच्या, "पण मी त्याच्या नादी लागत नाही."

पाहणीचा दिवस ठरल्याचं मी त्यांना सांगायला गेलो. "बाई, बुधवारी इन्स्पेक्टर येणार आहेत. वर्ग चालतो की नाही ते बघायला." एवढंच बोललो आणि तिथंच घात झाला. जिचा जन्म शाळेत गेला, तिला इन्स्पेक्शन म्हटल्यावर एकच गोष्ट सुचते: हजेरी पूर्ण पाहिजे. बाई कामाला लागल्या. मला मात्र त्यांनी काही कळू दिलं नाही.

बुधवारी इन्स्पेक्टरला घेऊन मी दारात पोचलो, तर बाहेर चपलांचा ढीग. सगळ्या मोठ्या मापाच्या. आत सतरंजीवर आमची जुनी शाळा बसलेली. अफझलगंजचा धान्याचा व्यापारी दत्ता, ज्याचे गुडघे मांडी घालू देत नाहीत, तो एक पाय लांब करून ओळीखाली बोट ठेवत धडा वाचत होता. शेजारी कोर्टातून परस्पर आलेली, काळ्या कोटातली एक वकीलबाई आपली पाळी कधी येते म्हणून घाबरलेली. बाईंच्या हातात छडी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "उशीर झाला. मागं बस." आणि मी खरोखर जाऊन बसलो.

इन्स्पेक्टर तेलुगू होता, भला माणूस. दारातच उभं राहून त्यानं विचारलं, "अम्मा, मेरेकू सीधा बोलो. इदर क्लास चलता क्या नई चलता?"

मी मागून पुटपुटलो, "बाई, नाही म्हणा."

बाईंनी भरलेल्या सतरंजीवरून नजर फिरवली. "चलता," त्या म्हणाल्या. "देखो ना, पूरी हाजरी है."

इन्स्पेक्टरनं हातातला माझा अर्ज पाहिला, मग मला पाहिलं. "सर, आप लिखे क्लास नई चलता. और आपिच बैठे?" अपील अर्थातच फेटाळलं गेलं.

बाई खरंच चुकल्या की त्यांनी जाणूनबुजून केलं, हे मला आजही सांगता येणार नाही. मी चिडून विचारलं तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "मुलं समोर बसलेली असताना वर्ग नाही असं कसं म्हणू रे?"

पुढच्या रविवारी सकाळीच बाईंचा फोन. "वर्गाचा टॅक्स देऊ लागलो आपण. मग ये की." मी गेलो. दत्ताही आला, सोबत नातीला घेऊन. मग कुणी ना कुणी येत राहिलं. टॅक्स वाटून घेऊ म्हटलं तर बाईंनी दाराकडे बोट दाखवलं. पाटीवर मोफत लिहिलं होतं. त्यांनी रिक्षा सोडली, बस धरली आणि खर्च वाचवायचा म्हणून दिवाळीत पुण्याला जाणं बंद केलं. ही शेवटची काटकसर त्यांना मनापासून आवडली असावी. मलाही त्या सतरंजीवर जेवढं बरं वाटायचं तेवढं दुसरीकडे कुठं वाटलं नाही.

गेल्या वर्षी बाई गेल्या. विद्यानं घर विकलं. नव्या मालकानं पहिल्यांदा पाटी काढली आणि त्याचा टॅक्स अपिलाशिवाय खाली आला. ती विद्यानं मागून घेतली आणि मला दिली. मी ती माझ्या फाटकावर लावली आणि दर रविवारी सतरंजी अंथरू लागलो. बायको म्हणाली, "अहो, आपलाही टॅक्स वाढेल." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. सुरुवातीला सगळे यायचे. मग दत्ताचे गुडघे आडवे आले, वकीलबाईंच्या तारखा आडव्या आल्या.

मार्चमध्ये वसुलीच्या गडबडीत इन्स्पेक्टर लोकांना रविवारीही फिरावं लागतं. परवा तोच इन्स्पेक्टर फाटकापाशी थांबला. पाटी पाहून त्यानं मोबाइल काढला आणि पुन्हा खिशात ठेवला. "अम्मा का बोर्ड है ना सर? मैं देखाच नई समझो."

मला का कोण जाणे, राग आला. "फोटो लेलो," मी म्हणालो. "क्लास चलता."

त्यानं माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. सतरंजी अंथरलेली होती, फळा पुसलेला होता.

"आज नई आए," मी म्हणालो. "इत्ताच."