पाण्यावर सोडलेलं पाणी

भोंगेकाकांचं खरं नाव बँडमधल्या कुणालाच आठवत नसे. ट्रंपेट तोंडाला लावलं की भल्याभल्यांना पाणी पाजणारा माणूस, त्याला दुसरं नाव हवंय कशाला? मूत्रपिंडं निकामी होऊन डायलिसिस सुरू झालं, तरी काकांनी ना तालीम सोडली, ना फुशारकी.

दरवर्षी बागेत होणाऱ्या बँडच्या कार्यक्रमाचा शेवटचा लांबलचक सूर त्यांचाच. पण यंदा तालमीत तो मध्येच तुटायला लागला, आणि वर घुरघुर. ट्रंपेटच्या नळीत श्वासाची वाफ साचून पाणी होतं. खालची किल्ली दाबून ते सोडायचं असतं. काकांनी किल्ली दाबली. थेंबही पडला नाही.

"काका, कुठेतरी पाणी मुरतंय," बँडमास्तर हसत म्हणाला.

मुरत होतंच, काकांच्या छातीत. घरचा जिना चढताना ते धापा टाकत मध्येच बसले, तेव्हा काकूंनी त्यांना तडक दवाखान्यात नेलं.

"मूत्रपिंडं पाणी बाहेर टाकत नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ते रक्तात साठतं. ते ढकलून ढकलून हृदय थकलंय, म्हणून पाणी फुप्फुसात उतरलंय. किती पिता?"

"तुम्ही सांगितलं तेवढंच." काकू एकटक बघत राहिल्या, तशी काकांनी मान खाली घातली. "आणि तालमीत थोडं. ओठ सुकले की वाजत नाही हो."

"थोडं म्हणजे?"

"बाटलीभर."

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, त्या ट्रंपेटवर पाणी सोडा आता."

"पाण्यावर सोडतो पाणी. ट्रंपेटवर नाही."

डॉक्टरीणबाईंनी साठलेलं पाणी काढलं, औषधं बदलली, डायलिसिसचा वेळ वाढवला आणि दम परत आला तरच कार्यक्रमात वाजवायचं, असं बजावलं. काकांचा हट्टी स्वभाव पहिल्यांदाच कामाला आला. तालमीत ते ओला रुमाल ओठांना लावायचे आणि इतरांच्या बाटल्यांकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. हळूहळू पायांची सूज ओसरली, जिना एका दमात होऊ लागला. शेवटी डॉक्टरीणबाईंनी होकार दिला.

कार्यक्रमात बाकीची वाद्यं थांबली आणि काकांचा सूर उरला. स्वच्छ, सरळ, घुरघुर नावाला नाही. बँडमास्तरचा हात वरच राहिला. सूर संपला तेव्हा अख्खी बाग टाळ्या वाजवत उभी होती, आणि काकूंचा ऊर अभिमानाने भरून आला होता.

"काकू, काकांनी आज सगळ्यांना पाणी पाजलं," बँडमास्तर येऊन म्हणाला.

"पाजू देत की," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "स्वतः प्यायले नाहीत, म्हणजे झालं."