सासऱ्यांचे गमबूट
ओल्या शेणाचा वास आला की मला हॅमिल्टनच्या गुरुद्वाऱ्यातली जोडे ठेवायची खोली आठवते. मी नांदेड शहरात वाढलेली शीख, सासरे पंजाबातल्या खेड्यातले, इथं परदेशात डेअरीवर गाई सांभाळणारे. मला लाज वाटायची, म्हणून गुरुद्वाऱ्यात येताना मी त्यांना बूट बदलायला लावायचे. एका रविवारी गाय विताना अडली आणि ते गमबुटातच आले. मी इतर बायकांबरोबर सेवा म्हणून सगळ्यांचे जोडे पुसत होते. “बाई गं, हे कुणाचे? अख्खा गोठाच आणलाय!” दिल्लीहून आलेली मैत्रीण हसली. मी मोठ्यानं म्हणाले, “माझ्या सासऱ्यांचे. गाय-वासरू दोन्ही वाचवून आलेत.” मग ती एक बूट स्वतःकडे ओढत म्हणाली, “माझे बाबा म्हशी राखायचे. इथं कुणाला बोलले नाही मी.” आता कुणी घरच्यांबद्दल विचारलं, की मी आधी गाईंचं सांगते.