फेटेवाल्याचं चित्र

माझ्या थोरल्याला चौथं वर्ष लागलं तरी तो बोलत नव्हता. रडायचा, हसायचा, कोंबड्यांमागं धावायचा, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, रोज सकाळी वेखंड उगाळून त्याच्या जिभेला लावायच्या आणि तो ते थुंकून टाकायचा. शेजारणी येता-जाता विचारायच्या, "बोलतंय का गं?" मी त्यांना असं उत्तर द्यायची की पुढं आठवडाभर त्या आमच्या दाराशी फिरकायच्या नाहीत. तोंड माझं पहिल्यापासूनच तिखट, पण त्या दिवसांत ते भीतीनं जास्त चालायचं. पोरगं मुकंच राहिलं तर, या विचारानं जेवण गोड लागत नव्हतं.

त्यात घरात पुरुषमाणूस नाही. निजामाचा अंमल होता. हे एका सभेत सरकारविरुद्ध बोलले, यांच्या नावानं वॉरंट निघालं, आणि पोरगं अजून रांगत होतं तेव्हाच हे हद्द ओलांडून सोलापूरकडं निघून गेले. आमचं गाव नळदुर्गच्या बाजूला, मोठ्या सडकेपासून जरा आत. गाडीवाट आमच्या घरासमोरूनच सडकेला जायची. हे त्याच वाटेनं गेले होते.

माझं माहेर सोलापूरचं, पण हे तिथंही एका जागी नसायचे, त्यामुळं गाठ कधी पडली नाही. माहेरी गेले असताना मी पोराला एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी त्याच्या मागं उभं राहून चमचा वाजवला, टाळी वाजवली, कानात हळू हाक मारली. मग म्हणाल्या, "याचे कान चांगले आहेत. याला चित्रं दाखवा. नाव घ्या, ती वस्तू कुठं आहे ते दाखवा, आणि मग गप्प बसा. हा काहीतरी आवाज काढेपर्यंत तुम्ही बोलायचं नाही. आणि नुसतं आईबरोबर नको, घरी येईल त्याच्याशी खेळू दे."

गप्प बसायचं! मला! भाऊ दाराशी उभा होता, तो खो-खो हसला. पण त्यानंच मला चित्रं दिली. तो गिरणीत होता. कापडाच्या ताग्यांवर तेव्हा रंगीत छाप चिकटवलेले असायचे. गाय, पोपट, घागर, समई, हत्ती. फाटके-तुटके छाप त्यानं जमवून दिले आणि मी ते खळ लावून पुठ्ठ्यावर चिकटवले.

घरी आल्यावर रोज सकाळी पडवीत आमचा खेळ सुरू झाला. गायीचं चित्र दाखवायचं, "गाय" म्हणायचं, गोठ्याकडं बोट करायचं आणि ओठ मिटून बसायचं. पोरगं माझ्या तोंडाकडं बघायचं, मी त्याच्या. तो थांबलेला वेळ मला खायला उठायचा. आत्याबाई आतून म्हणायच्या, "आगं, काय मौन धरलंय का काय?" हत्तीला मात्र आमच्याकडं जागाच नव्हती, म्हणून हत्ती निघाला की आत्याबाईंकडं बोट करायचं असं मी ठरवलं. त्या आधी रुसल्या, मग स्वतःच सोंड करून दाखवायला लागल्या.

मला त्याला सगळ्यात आधी "अप्पा" शिकवायचं होतं. बाप परत येईल तेव्हा लेकरानं हाक मारावी, एवढीच हौस. पण यांचा फोटो घरात नव्हता. छापांत एक फेटेवाला होता, हातात छत्री, मिशा वर वळवलेल्या. यांनाही फेटा होता आणि मिशा होत्या. बाकी त्या बाबात आणि यांच्यात काही साम्य नव्हतं. मी तोच घेतला. "अप्पा" म्हणायची आणि बोट करायला घरात माणूस नाही, म्हणून दारातून समोरच्या गाडीवाटेकडं बोट करायची.

पहिला शब्द आला तो "गा". त्या दिवशी मी गोठ्यात जाऊन गायीच्या गळ्यात पडून रडले. मग "पो", मग "घा". आणि एका सकाळी त्यानं फेटेवाला उचलला, हात लांब करून वाटेकडं बोट केलं आणि स्वच्छ म्हणाला, "अप्पा." त्यानंतर आमच्या घरी कोणीही येवो, कासार येवो की कुंभार, बाजेवर बसला रे बसला की पोरगं चित्रांची टोपली घेऊन त्याच्या पुढ्यात हजर. मला त्याचं फार कौतुक वाटायचं.

तो हिवाळा होता. पहाटेचं झुंजूमुंजू झालेलं. दारात एक पिंजारी उभा, खांद्याला कापूस पिंजायची धनुकली, लुंगी, मिशा काढलेल्या, डोकं तासलेलं. मी हाकलणार तेवढ्यात तो म्हणाला, "अगं, मी." आवाजावरून ओळखलं. लग्नाची बायको असून चेहऱ्यावरून नाही ओळखलं. हे आत आले, चुलीपुढं बसून भाकरी खायला लागले. पोरगं वाकळेतून डोकं काढून टक लावून यांच्याकडं बघत होतं. हेही त्याच्याकडं बघत होते, घास हातात तसाच. "बोलतो का?" यांनी विचारलं. मी हो म्हणाले आणि तेवढ्यात वेशीकडची कुत्री भुंकायला लागली. मग घोड्यांचा आवाज आला.

आमच्या पडवीत जमिनीखाली पेव होतं, ज्वारी साठवायचं. तोंड लहान, आत उतरलं की माणूस उभा राहील एवढं खोल. नुकतंच रिकामं करून उघडं टाकलेलं, म्हणून आत जाता तरी आलं. नाहीतर बंद पेवात उतरणं म्हणजे मरणच, आतल्या कोंदट हवेनं दिवासुद्धा विझतो. हे आत उतरले. आम्ही दोघींनी वरून दगड सरकवला, त्यावर पोतं अंथरलं आणि आत्याबाई सूप घेऊन त्या पोत्यावर ज्वारी पाखडायला बसल्या. झाकण घातलेल्या पेवात माणूस किती वेळ तग धरतो ते मला माहीत नव्हतं. मी पीठ मळायला घेतलं. पोरगं वाकळेवर उठून बसलं होतं. त्यानं सगळं बघितलं होतं.

निजामाच्या पोलिसांचा जमादार आणि त्याची माणसं आत शिरली. "घरवाला किधर है?"

"ठावं न्हाय साहेब. तीन वर्सं झाली, तोंड बघितलं न्हाय."

त्यांनी कणगीत काठ्या खुपसल्या, कडब्याची गंजी उपसली. आत्याबाई पाखडत राहिल्या. जमादार दमून बाजेवर बसला. पोरगं टोपली घेऊन त्याच्या पुढ्यात जाऊन उभं राहिलं होतं.

जमादारानं चित्रं हातात घेतली. "अरे वा. ये क्या है?"

"गा," पोरगं म्हणालं आणि गोठ्याकडं बोट केलं.

जमादार हसला. त्यानं त्याला मांडीवर घेतलं. "और ये?" घागर. पोरानं उतरंड दाखवली. हत्ती निघाला तेव्हा पोरानं आत्याबाईंकडं बोट केलं आणि ती सगळी माणसं वळून आत्याबाईंकडं, त्यांच्या सुपाकडं, त्या पोत्याकडं बघायला लागली. आत्याबाईंनी सोंड केली. माणसं हसली.

मग जमादाराच्या हातात फेटेवाला आला. "ये कौन है, बेटा?"

"अप्पा."

जमादाराचं हसू थांबलं. तो माणूस लेकुरवाळा होता म्हणून खेळत होता, की मुद्दाम खेळत होता, मला आजही सांगता येणार नाही. तो हळू आवाजात म्हणाला, "अप्पा किधर है? डरना नक्को. बोल." आणि थांबला. डॉक्टरीणबाईंनी मला शिकवलं होतं तसाच, ओठ मिटून, पोराच्या तोंडाकडं बघत थांबला.

मीही गप्प. बोलायची सोयच नव्हती. ज्याच्या एका शब्दासाठी मी नवस बोलले होते, त्याची वाचा आत्ताच्या आत्ता जावी असं मी मनात म्हणाले. आई असून म्हणाले. पोरगं पोत्याकडं बघत होतं. मग त्यानं हात वर केला, लांब केला, आणि दारातून समोरच्या वाटेकडं बोट केलं.

"अप्पा," तो परत म्हणाला.

जमादारानं एक सुस्कारा सोडला. "सोलापूर. बच्चा झूठ नहीं बोलता." त्यानं पोराच्या डोक्यावरून हात फिरवला, चित्रं टोपलीत ठेवली आणि माणसांना घेऊन गेला.

घोडे लांब गेल्यावर आम्ही दगड सरकवला. यांना दोघींनी काखेत धरून वर ओढलं. ओठ काळेनिळे, डोळे तांबारलेले, पण जीव होता. मी यांना पाणी पाजत पोराचं कौतुक सांगत होते, किती हुशार, कसा बापाला वाचवला. यांनी हात पसरले. "ये रं माझ्या वाघा. अप्पाकडं ये."

पोरगं माझ्या लुगड्याआड लपलं. मी पुढं ढकललं तर रडायला लागलं. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, टोपलीतून त्यानं फेटेवाला काढला, लांबूनच यांच्यापुढं ठेवला आणि परक्या माणसाला समजावून सांगावं तसं वाटेकडं बोट करून म्हणाला, "अप्पा."

त्यानं बापाला वाचवलं नव्हतं. त्यानं खरं तेच सांगितलं होतं.

हे आधी हसले. मग ते चित्र हातात घेऊन भिंतीकडं तोंड करून बसले. मी म्हणाले, "आता मी त्याला नीट शिकवते, हेच तुझे अप्पा म्हणून." हे एकदम वळले. "न्हाय. शिकवू नगंस. ती माणसं परत येतील. त्याला हाच अप्पा राहू दे." संध्याकाळी हे धनुकली खांद्याला लावून निघाले, आणि पोरानं मान वर करूनही बघितलं नाही.

पुढं ते राज्य गेलं, हे घरी आले, डोक्यावर केस आले आणि बापलेकांची ओळखही झाली. पण मला अजून विसरता येत नाही ती हे निघून गेल्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. मी नेहमीसारखी पडवीत चित्रं मांडली. गाय झाली, पोपट झाला. फेटेवाला निघाला तसं पोरगं माझ्याकडं बघायला लागलं, आणि मी वाटेकडं बोट केलं.