जलजनक आणि रिकाम्या घागरी

हुबळीत अर्ज लिहिणारे पुष्कळ आहेत. परंतु अर्जाला भारदस्तपणा देणारा मी एकच, असे माझ्याकडे येणाऱ्यांचे मत आहे आणि ते खोडून काढण्याचे मला कारण दिसत नाही. सातवीनंतर शाळेचा आणि माझा संबंध सुटला, भाषेचा सुटला नाही.

म्हणूनच आमच्या गल्लीतल्या विज्ञानशिक्षिका अक्का माझ्या टेबलापाशी आल्या. महिनाअखेरीस त्या निवृत्त होणार होत्या. साऱ्या नोकरीत त्यांनी हायड्रोजन केवळ फळ्यावर काढला होता. जाण्याआधी एकदा तो मुलींसमोर पाण्यातून काढून, पेटवून दाखवावा, एवढीच त्यांची इच्छा. शाळेत ज्वाला नको, असे मुख्याध्यापकांनी बजावलेले. उरले जुन्या हुबळीतले सरकारी मैदान, आणि त्यासाठी लागणारी परवानगी.

अक्कांनी मला सारे समजावले. आपण घरात ज्याला जर्मन म्हणतो ते अॅल्युमिनियम पाण्यात स्वस्थ पडून राहते, कारण त्याच्या अंगावर न दिसणारा पापुद्रा असतो. तळहातावर वितळणारा गॅलियम नावाचा धातू त्यात मुरवला की पापुद्रा टिकत नाही. मग ते जर्मन पाण्यातला प्राणवायू ओढून घेते आणि हायड्रोजन मोकळा सोडते.

"अण्णा, साधं हायड्रोजन लिहा हं," अक्का म्हणाल्या.

इतका उघडाबोडका शब्द सरकारदरबारी धाडणे माझ्या तत्त्वात बसत नाही. अर्ज कानडीत होता, आणि कानडी पाठ्यपुस्तकात या वायूला जलजनक म्हणतात. मी ठसठशीत अक्षरांत लिहिले: 'मैदानात जलजनक निर्माण करण्याचे जाहीर प्रात्यक्षिक.'

परवानगी विजेच्या वेगाने आली, आणि आली ती पाणीपुरवठा विभागाकडून! आमच्याकडे नळ केव्हा येईल हे पंचांगालाही सांगता येत नाही. 'जल' दिसताच कारकुनाने अर्ज तिकडे धाडला, आणि मैदानात पाणी मिळणार ही वार्ता दाजीबानपेठेपर्यंत पसरली. प्रात्यक्षिकाच्या सकाळी मुलींच्या आधी घागरींची रांग लागली होती. विभागाचे साहेबही जातीने हजर.

अक्कांनी नळी बसवलेली काचेची बाटली मांडली आणि रांगेतल्या पहिल्या आज्जींकडे वळल्या. "आज्जी, तांब्याभर पाणी मिळेल?"

"अय्यय्यो! पाणी द्यायला बोलावलं, आन् मागताय आमच्याकडंच?"

मैदान हसण्याने दणाणले. साहेब मात्र लाल झाले. "एनप्पा, नीरू एल्ली? पाणी कुठाय? हे आमच्या विभागाचं कामच नव्हे. बंद करा सगळं!"

अक्कांचा चेहरा उतरला. मुली एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. अशा वेळी शब्दाच्या जनकाने मौन पाळणे अशोभनीय. मी पुढे झालो.

"साहेब, शब्द आपल्या पाठ्यपुस्तकातला आहे. जल, आणि त्याचा जनक. जन्म होण्याआधीच बारसे उधळू नका!"

"जन्म नाही झाला तर?"

"तर या सर्व घागरी मी स्वतः भरून देईन," मी म्हणालो, आणि रांगेकडे पाहताच माझी कंबर आगाऊ दुखू लागली.

आज्जींनी घरून तांब्या आणवला. मिश्रधातूचे तुकडे पडताच पाणी फसफसले, बाटली कोमट झाली. मुलींना लांब उभे करून, नळीतला हवेचा अंश निघून जाईतो अक्का थांबल्या. मग नळीच्या टोकाशी काडी नेली. उन्हात जेमतेम दिसणारी ज्योत लागली, आणि तिच्यावर त्यांनी थंड स्टीलची ताटली धरली.

ताटलीवर धुके आले. धुक्याचे थेंब झाले.

"पाणी!" मुली ओरडल्या. "अक्का, पाणी झालं!"

साहेबांनी थेंबाला बोट लावले, बोटाकडे पाहिले आणि म्हणाले, "हां. नीरू ऐती. पाणी आहे."

"घागर धरू का आता?" आज्जींनी विचारले. "भरल तवर माझ्या नातीचं लग्न हुईल!"

साहेबांनाही हसू आवरेना. हसता हसता त्यांनी फोन करून टँकर मागवला. अक्का हसत होत्या की रडत होत्या, मला ठरवता आले नाही. ताटली घागरींच्या रांगेतून हातोहात फिरली, प्रत्येकीने थेंब डोळ्यांना लावला. माझ्यापर्यंत आली तेव्हा ती ठणठणीत कोरडी होती. मी ती तशीच कपाळाला लावली.