निळ्यावर निळं

खाणीतल्या मशिनांना ग्रीस भरत फिरणाऱ्या फोर्तुनातोकाकांच्या गाडीत पुढे दोन सीट होत्या आणि त्यातली एक रिकामी ठेवायचा त्यांचा हट्ट असायचा. मी त्यांच्या हाताखाली लागले त्या पहिल्या सकाळी बिनदिक्कत चढून बसले, तर म्हणाले, "देल्फिना, तिथे ब्राउलियो बसलाय."

ब्राउलियो मरून तेव्हा आठ वर्षं झाली होती.

मी काही घाबरणाऱ्यातली नाही. म्हटलं, "मग त्याला म्हणावं, सरक जरा. साडेचार हजार मीटरवर, जूनच्या ऐन हिवाळ्यात, मी काय मागे पिंपांवर बसून येऊ?" काका हसले नाहीत. त्या सीटकडे थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बस. तो म्हणतो, चालेल." अंगावर काटा आला माझ्या, खोटं कशाला सांगू? पण बसले.

अख्ख्या खाणीत त्यांच्यासारखा ग्रीसवाला नव्हता. उंचीवर दम लागू नये म्हणून चघळतात ती कोकाची पानं गालात धरून ते ग्रीस चिमटीत ताणायचे, वास घ्यायचे आणि सांगायचे, हे पहाटे नळीतून सरकणार नाही, हे पाण्याने धुऊन जाईल, हे बादलीच्या पिनेला चालेल पण पोकलेनचं वरचं धड ज्यावर फिरतं त्या बेअरिंगला नको. इंजिनियर कागद बघून तेच सांगायचे, पण दोन दिवसांनी.

ग्रीसची जात बदलायची म्हटलं की मात्र काकांचं डोकं फिरायचं. जुनं ग्रीस सगळं बाहेर पडेपर्यंत ते मशीन सोडायचेच नाहीत. चार-चार तास पंप मारायचे, चिंधीने पुसायचे, पुन्हा मारायचे. मुकादम विल्बेर वैतागायचा, "काका, लग्नात मिरवायचीय का हिला?" काकांचं लक्षच नसायचं. मध्येच हात थांबवून मला विचारायचे, "ठकठक ऐकलीस?" मशीन तर बंद असायचं. मी नाही म्हटलं की मान हलवायचे. "तो आतून वाजवतोय."

एके दुपारी बटाट्याचं सूप पिताना त्यांनी एकदम सांगून टाकलं. ब्राउलियो गेला त्या वर्षी थंडी फार पडली होती, ग्रीस नळीतच गोठत होतं, म्हणून नवीन मऊ ग्रीस मागवलं. जुनंही निळं, नवंही निळं. रंग काय, वरून घातलेला असतो. तेलाला घट्ट धरणारा मसाला दोन्हींत वेगळा होता आणि असे दोन मसाले एकत्र आले की कधीकधी ग्रीसचं पाणी होतं. हे काकांना तेव्हाही ठाऊक होतं. पण घाई होती. निळ्यावर निळं, काय बिघडतंय, असं म्हणून त्यांनी जुनं न काढता वरून पंप मारला. तीन आठवड्यांत सगळं ग्रीस वितळून गळून गेलं, बेअरिंग कोरडं पडून फुटलं आणि पोकलेनचं धड उतारावर कोसळलं. केबिनमध्ये ब्राउलियो होता. काकांचा जिवाभावाचा मित्र.

चौकशीवाल्यांनी काकांना विचारलं. काका म्हणाले, "ग्रीस बरोबर होतं." मग कागदावर आलं की चालकाने भरली बादली उतारावर घाईने फिरवली.

"आणि सातुर्निनाला काय सांगितलंत?" मी विचारलं. सातुर्निना म्हणजे ब्राउलियोची बायको, आमच्याच खाणीत डंपर चालवते.

"काही नाही. दर रविवारी मी त्याच्या थडग्यावर जातो, तिथून तिच्या घरी. ती जेवायला वाढते आणि त्याला शिव्या घालते. घाईखोर मेला, तीन पोरं माझ्या गळ्यात टाकून गेला म्हणते. मी खाली मान घालून जेवतो."

"सांगा तिला!"

"तोही रोज हेच म्हणतो."

"मग मेलेल्याचं तरी ऐका की!" मी ओरडलेच. संताप आला होता मला. काका वाटी घेऊन उठून गेले.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये पुन्हा नव्या ग्रीसची पिंपं आली. सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी आम्ही सगळे खोलीत बसतो, सूचना ऐकायला. इंजिनियर म्हणाला, "हे ग्रीस धक्के जास्त सोसतं. मोठ्या पोकलेनला आजपासून हेच."

विल्बेरने विचारलं, "मशीन किती तास बंद राहणार?"

"बंद कशाला? हेही निळंच आहे. वरून मारा."

काका उठले. चेहरा राखेसारखा झाला होता. मला वाटलं इंजिनियरवर ओरडतील, पण ते बघत होते पुढच्या रांगेत बसलेल्या सातुर्निनाकडे. "मीही असंच वरून मारलं होतं," ते म्हणाले. "ब्राउलियोच्या मशीनला. त्याने काही घाई केली नव्हती, सातुर्निना. त्याची काहीच चूक नव्हती. मी खोटं बोललो."

ती सावकाश उठली. मला वाटलं, मारते आता.

"नऊ वर्षं," ती म्हणाली, "रागाने मी त्याच्या थडग्याकडे फिरकले नाही. पोरांनाही जाऊ दिलं नाही. आणि तुम्ही माझ्या घरी जेवत, माझ्या शिव्या ऐकत बसलात?"

"हो."

"मशीनखाली तो एकदाच मेला, काका. तुम्ही त्याला दर रविवारी मारलंत. माझ्या तोंडून."

विल्बेरने काकांचा दंड धरला आणि इंजिनियरकडे न बघताच म्हणाला, "मशीन बंद ठेवा. सगळं जुनं काढल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

सातुर्निनाने हेल्मेट खुर्चीवर ठेवलं आणि ती दाराकडे निघाली. दफनभूमी खाली गावात, सात किलोमीटरवर. काका विल्बेरचा हात सोडवून तिच्यामागे धडपडत गेले. "थांब गं, मी गाडीने नेतो. मी येतो सोबत."

ती वळली. डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही.

"नऊ वर्षं तुम्हीच होतात त्याच्याजवळ," ती म्हणाली. "आता मला एकटीला जाऊ द्या."