बशंदीच्या काकाचा खून

जुनी थडगी खोदणाऱ्या आमच्या छावणीचा स्वयंपाकी बशंदी मसूर फक्कड शिजवायचा. पण कुणी मीठ कमी आहे म्हटलं, की दुसऱ्या दिवशी खारट समुद्र वाढायचा. असा हट्टी माणूस आमच्या सगळ्या किफ्त गावात नव्हता.

त्या हिवाळ्यात आम्ही वाळवंटातल्या एका खड्ड्यातून वाळकं प्रेत बाहेर काढलं. कवटी मागून फुटलेली.

"खून!" खोदकामाचा साहेब पार्टिंग्टन आनंदाने ओरडला. खुनी कोण, त्या जुन्या काळातली राणी की पुजारी, यावरून त्याचे दोन मदतनीस तिथेच हमरीतुमरीवर आले. बशंदी पळी घेऊन बघायला आला, वाकला आणि मटकन खाली बसला.

"हे नाक आमच्या घरातलं आहे! हा माझा शह्हात काका!"

शह्हात काका बशंदीच्या लहानपणी उंट घेऊन गेला तो गेलाच. त्याआधी रहाटाच्या पाण्यावरून त्याचं कडाक्याचं भांडण झालं होतं, गावातल्या हाजी तम्मामच्या बापाशी. आणि आता तम्मामच्याच नातवाशी बशंदीच्या मुलीचं, बद्रियाचं लग्न ठरलेलं!

"अरे बाबा, हा तीन हजार वर्षांपूर्वीचा आहे," साहेब म्हणाला.

"तुमचे काका ओळखायला मी कधी येतो का, साहेब?"

झालं. खुनाचं वैर मिटेपर्यंत आमच्याकडे मेलेल्याच्या घरचे कुणाचं सांत्वनही घेत नाहीत, मग लग्न कुठलं! बशंदीने दाढी वाढवली, साहेबाच्या कॉफीतली साखर बंद केली. बद्रिया रडून रडून अर्धी झाली. मी समजवायला गेलो, तर मलाच म्हणाला, "तू गप बस. चपट्या नाकाच्या माणसाला काय कळणार यातलं!"

वाट एकच होती. खुन्याच्या घरातल्या वडीलधाऱ्याने स्वतःचं कफन हातांवर घेऊन गावासमोर यायचं. मारा नाहीतर माफ करा. पण तम्माम कधी सरकारी अधिकाऱ्यापुढेही वाकला नव्हता. त्याला सांगणार कोण? शेवटी बद्रियाच त्याच्या दारात जाऊन बसली.

हिवाळा सरला, आणि एका शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर म्हातारा तम्माम छावणीवर आला. बोडका, अनवाणी, हातांवर पांढरं कफन. मागे अख्खं गाव. तेवढ्यात प्रेताच्या गुंडाळीत सापडलेला ताईत नाचवत साहेब धावत आला.

"ही बघा जुनी अक्षरं! याचा खून झाला तेव्हा तुमचे खापरपणजोबासुद्धा जन्मले नव्हते!"

तम्मामने ताईत नीट पाहिला.

"म्हणजे माफी मागायला आम्हाला फारच उशीर झाला," तो म्हणाला आणि त्याने कफन बशंदीपुढे धरलं.

बशंदीचे कान लाल झाले. हा आपला काका नव्हे, हे त्याला त्या क्षणी कळलं, मला शंकाच नाही.

"माफ केलं, हाजी," बशंदी कसाबसा म्हणाला. मग खाली बसून त्याने स्वतःच्या चपला काढल्या आणि म्हाताऱ्याच्या पायांत घातल्या. "वाळू तापलीय."