कासिमिराचा लाल लोकरीचा दगड

खिंडीच्या पायथ्याशी शेवटचं घर कासिमिरा तिकोनाचं. त्याच्यापुढे आमच्या बोलिव्हियाच्या डोंगरात वस्ती म्हणून नाही, नुसता वारा. घर म्हणजे मातीच्या दोन खोल्या, लोकरवाल्या अल्पाका जनावरांचा गोठा आणि चुलीवर कायम रटरटणारं बटाट्याचं सूप. बाई ठेंगणी, एकावर एक चढवलेले घेरदार घागरे, डोक्यावर काळी गोल टोपी. आणि तोंड असं, की तिच्यापुढे लामा जनावरसुद्धा थुंकायच्या आधी विचार करायचं!

एकटंदुकटं कुणी खिंड चढायला निघालं की त्याच्यावर नजर ठेवायची, हे काम तिनं आपणहून अंगावर घेतलेलं. एक परदेशी पोरगा तिच्या हातचं सूप पिऊन, हसत, हात हलवत वर गेला होता. तो सापडला बर्फ वितळल्यावर. तेव्हापासून एकट्या माणसाला ती अंगणातला दगड द्यायची, लाल लोकर गुंडाळलेला. खिंडीच्या माथ्यावर दगडांचा मोठा ढीग आहे. वर पोचलेल्या प्रत्येकानं त्यावर एक दगड ठेवायचा, म्हणजे थकवा डोंगराला देऊन टाकायचा आणि हलकं होऊन पलीकडे उतरायचं, ही आमची पूर्वापार रीत. कासिमिरानं तिला फक्त लोकर बांधली. पलीकडून कुणी आलं की तिचा पहिला प्रश्न, "लाल दगड दिसला का?" दिसला म्हणजे माणूस पार झाला. नाही दिसला तर सगळी वाडी बाहेर काढायची, मग कुणी जेवत असो नाहीतर दाढी करत असो.

त्या वर्षी मालेना आली. अर्जेंटिनातल्या सपाट मुलखातली पोरगी, पाठीवर तिच्याएवढंच ओझं.

"एकटीच?" कासिमिरानं विचारलं.

"एकटीच, सेन्योरा. त्यातच मजा आहे."

"मजा घरी आईला सांग. हा दगड घे. वर ढिगावर ठेवायचा, विसरायचं नाही."

"एवढं ओझं कमी होतं म्हणून दगड पण?" मालेना खदखदून हसली, पण घेतला. सकाळीच निघाली. दुपारी ढग उतरले, गारांचा मारा झाला आणि खिंड दिसेनाशी झाली. कासिमिरा दिवसभर सूत कातत दारातच बसून राहिली. चाती फिरत होती, डोळे वर.

दुसऱ्या दिवशी नासारियो खेचरं घेऊन पलीकडच्या गावाहून उतरला. हा तिचा धाकटा दीर. आदल्या दिवशी बटाट्याची पोती घेऊन तोही त्याच वाटेनं गेला होता.

"भावजी, लाल दगड?" तो उतरायच्या आत तिनं विचारलं.

"आहे की, वहिनी. ढिगावर आहे."

कासिमिराचा जीव भांड्यात पडला. तिनं थाळीत सूप वाढलं, वर मक्याचे दाणे टाकले. नासारियो भुरके मारू लागला.

"वरून टाकलाय की बाजूला पडलाय? वाऱ्यानं गडगडायचा."

"छे! नीट बसवलाय. उगवतीच्या अंगाला, खाली कोकाची तीन पानं."

कासिमिराच्या हातातला डाव तसाच राहिला. सपाट मुलखातली पोर, तिला उगवतीच्या अंगाला, पानांवर ठेवायची डोंगरातली रीत कोण शिकवणार? आणि पानं? डोंगरात आम्ही चघळतो ती पानं तिच्याकडे कुठून आली?

"नासारियो." आता भावजी गेले, नुसता नासारियो उरला. "तो दगड कुणी ठेवला?"

त्यानं थाळीत बघितलं. "तिला फार धाप लागली होती, वहिनी. मधल्या चढावर बसलेली. म्हटलं, दे तो दगड, तेवढाच भार कमी. तिच्या नावानं ठेवतो म्हटलं. आणि ठेवला, अगदी रीतीनं. ती मागून येतच होती."

"गावात पोचलेली पाहिलीस?"

"शाळेच्या खोलीत उतरली असेल असं वाटलं... गारा लागल्या होत्या, मी आपला खेचरांच्या मागे..."

"दुसऱ्याचा थकवा आपल्या हातानं डोंगराला देतोस! डोंगराला काय कळणार, कोण पोचलं नि कोण राहिलं?" असं म्हणेपर्यंत तिनं शाल पाठीवर बांधलीसुद्धा. "ऊठ. रिकामं खेचर घे."

मधल्या चढावर वाट फुटते. उजवीकडे खेचरांची अरुंद पायवाट, डावीकडे बंद पडलेल्या कथलाच्या खाणीचा रुंद रस्ता. नासारियो उजवीकडे वळला.

"तिकडे नाही," कासिमिरा म्हणाली. "ढगात काही दिसत नसताना शहरातलं माणूस रुंद वाट धरतं."

रस्ता पुढे कड्याला लागून जातो आणि मध्येच ढासळलाय. दोघं तिथे पोचली. काठावरची माती ताजी उकरलेली होती. खाली धुकं. नासारियोनं टोपी काढून हातात घेतली.

"घाल ती डोक्यात!" कासिमिरा ओरडली. "कुणी मेलंय का अजून?"

तिनं कमरेची गोफण सोडली. अल्पाकांना वळवायची, विणलेली, लांब. डोक्यावर गरगर फिरवून असा फटकारा मारला की कडा दुमदुमला. काही नाही. पुन्हा मारला. वारा तेवढा ऐकू आला. तिनं तिसऱ्यांदा हात उचलला. फटकाऱ्याचा आवाज विरला आणि खालून, कुठूनतरी, ठण... ठण... पातेल्यावर चमचा आपटल्यासारखं!

मालेना दरडीखाली खाणीच्या तोंडाशी होती. घोटा भोपळ्यासारखा सुजलेला, ओठ निळे, अंगावर होते नव्हते ते सगळे कपडे. पातेलं छातीशी घट्ट धरलेलं. कासिमिराला बघून ती रडायला लागली.

"मजा झाली का?" कासिमिरानं विचारलं आणि आपल्या हातानं तिचे हात चोळायला बसली. नासारियो पुन्हा पुन्हा माफी मागत होता. शेवटी वहिनी कावली. "लोकांचं ओझं घ्यायची एवढी हौस असेल तर पाठीवरचं घे. हातातल्या दगडाला शिवायचं नाही!"

त्यानं निमूटपणे पोरीचं बोचकं उचललं.

पाय बरा होईपर्यंत मालेना तिथेच राहिली, सूत कातायला शिकली, तेही वाईट. मग एका स्वच्छ सकाळी म्हणाली, "खिंड पार करायचीच." कासिमिरा तिला शिव्या घालत अंगणात गेली आणि नवा दगड घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी नासारियो पलीकडून उतरला तेव्हा ती दारातच होती.

"दगड?"

"आहे. पण काय ठेवलाय, वहिनी! वरून नुसता भिरकावलेला. मावळतीच्या अंगाला, लोकर अर्धी सुटलेली, पान ना फूल."

कासिमिरा मटकन उंबऱ्यावर बसली, टोपी मागे सारली आणि म्हणाली, "मलाही वाढ रे थोडं सूप. कालपासून काही खाल्लं नाही."